अनामिकेखालची स्प्रिंग

आमच्या कचेरीत माझा कीबोर्ड कोणी चोरणार नाही, याची मला पक्की खात्री आहे. त्याच्यावर एकही अक्षर नाही. सगळी बटणं राखाडी आणि कोरी. परवा नव्याने बदलून आलेल्या साहेबांना घाईत एक पत्र टाइप करायचं होतं. ते माझ्या खुर्चीत बसले, दोन्ही हात वर धरून बटणांकडे बघत राहिले आणि मुकाट्याने उठले. नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम, असलं कुठे मिळतं हो?" मी म्हटलं, हे मिळत नाही, हे ताकसांडे सरांनी केलंय. मग ताकसांडे सर कोण, हे सांगता सांगता माझा चहा थंड झाला, तरी निम्मंच सांगून झालं. उरलेलं इथे सांगते.

सरांचा टायपिंगचा क्लास हिंगणघाटात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, त्यांच्याच घराच्या माडीवर होता. पाटीवरचा रंग उडत उडत 'टायपिंग' एवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता. सर म्हणायचे, "बाकीचं कोणाले पाह्यजे बी नाई." एकेकाळी तिथे मशिनींच्या रांगा होत्या आणि सकाळच्या बॅचचा खडखडाट थेट मोठ्या रस्त्यापर्यंत जायचा म्हणे. मी गेले तेव्हा टाइपरायटरच्या परीक्षा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मशिनी भंगारात गेल्या होत्या. एकच उरली होती, ती सरांच्या टेबलाशेजारी मेणकापडाखाली बसलेली असे. बाकी टेबलांवर जुनाट कॉम्प्युटर होते आणि सर त्यांनाही मशीनच म्हणत.

सरांच्या शर्टाच्या खिशात कधी पेन नसे. ब्रश असे. रंगाचा असतो तसा बारीक, पण केस कापून आखूड केलेला. जगातला कुठलाही कीबोर्ड दिसला की त्यांचा हात खिशाकडे जाई. एकदा बँकेत पासबुक भरायला उभे असताना त्यांनी खिडकीतून आत हात घालून कॅशियरच्या कीबोर्डाची धूळ काढायला सुरुवात केली. कॅशियर म्हणाला, "काका, काय करून राह्यले?" सर म्हणाले, "तू तुहं काम कर. जरा हा उलटा धर." त्या भल्या माणसाने खरंच उलटा धरला. त्यातून बिस्किटांचा एवढा चुरा पडला, की मागे रांगेत उभी असलेली माणसं पुढे येऊन बघायला लागली. पुढच्या वेळी सर बँकेत शिरताच तो कॅशियर स्वतःच कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटू लागला.

आयुष्यभर टाइपरायटर वाजवल्याने त्यांच्या अंगात काही गोष्टी मुरल्या होत्या. ओळ संपली की कॉम्प्युटरवरही त्यांचा डावा हात सवयीने हवेत जाई आणि नसलेला दांडा सरकवून परत येई. त्या वाटेत चहाचा कप असला की तो गेलाच. सरांच्या घरच्या काकूंनी शेवटी त्यांचा कप कायमचा उजवीकडे ठेवायची शिस्त लावली. घरी आलेल्या पाहुण्यालासुद्धा आधी सांगत, "डावीकडे बसू नका बापा."

आणि शिकवताना ते बघत नसत. खुर्चीत डोळे मिटून बसत, आणि नुसतं ऐकत. पाचसहा जण एकदम टाइप करत असले तरी मधेच डोळे न उघडता म्हणत, "दुसऱ्या टेबलाची उजवी करंगळी चोरी करून राह्यली." दुसऱ्या टेबलाचा माणूस दचकून ताठ बसे. त्यांचा एकच नियम होता आणि तो दिवसातून चारदा कानावर पडे: "दहाही बोटांची मार सारखी पाह्यजे." मशीनवर कमजोर बोटाचं अक्षर फिकट उमटतं, कागद खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. नियम मोडणाऱ्याच्या हातांवर ते आपला पंचा टाकत आणि त्याखाली टाइप करायला लावत. बघायचंच नाही. अक्षरं बोटांत असली पाहिजेत, डोळ्यांत नाही.

आता मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. माझे मिस्टर या कचेरीत लिपिक होते. ते गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं. अट एकच, ठरल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झालं तर नोकरी गेली. त्या नोकरीवर मी आणि माझ्या दोन मुली उभ्या होतो. आणि नशीब असं, की रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मिस्टरांच्याच पोलादी कपाटाच्या दारात माझी डाव्या हाताची अनामिका चेंगरली. टाके पडले, जखम भरली, पण बोटाचा जोर गेला तो गेलाच. मराठी टायपिंगमध्ये मात्रा त्याच बोटावर येते. आपल्या भाषेत मात्रा किती लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी सरांचा क्लास लावला, तरी दोनदा परीक्षेला बसले आणि दोनदा नापास झाले. तिसरी संधी शेवटची होती.

ती संधी जवळ आली तेव्हा परीक्षेचं सूचनापत्र घेऊन मी सरांकडे गेले. चार पानांचं ते पत्रक मी वरवर वाचलं होतं, कचेरीतल्या सगळ्यांनीच तसंच वाचलं होतं. सरांनी ते बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. टायपिस्ट माणूस, खालच्या बारीक ओळीसुद्धा त्याला वरच्याइतक्याच मोठ्या. चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"संगीता, हे पाह्य. 'उमेदवारास स्वतःचा कीबोर्ड आणण्याची मुभा राहील.'"

मी म्हटलं, "मग काय सर, कीबोर्ड तर सगळे सारखेच."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विहारात चप्पल घालून शिरले आहे. मग म्हणाले, पूर्वी परीक्षेला प्रत्येकजण आपली मशीन घेऊन जायचा. हाताला मशीन ओळखीची असते. सगळ्या मशिनी हातगाडीवर घालून बसस्टँडवर न्यायच्या आणि तिथून बसने वर्ध्याला. कंडक्टर म्हणायचा टपावर टाका. सर म्हणायचे, टपावर तू बस. आणि सगळे उमेदवार मशीन मांडीवर घेऊन, पाय बधिर करून घेत, वर्ध्यापर्यंत जात. "लेकरावानी धरून नेलं, तं मशीन बी लेकरावानी वागते," असं म्हणून सरांनी सूचनापत्राची घडी केली आणि खिशात ब्रशाशेजारी ठेवली.

दोन दिवसांनी ते वर्ध्याला कॉम्प्युटरच्या एका दुकानात जाऊन आले. आले ते वेगळेच होऊन आले. तिथे त्यांनी गेम खेळणाऱ्या मुलांसाठी ठेवलेला एक रंगीत दिव्यांचा कीबोर्ड दाबून बघितला होता. "संगीता, आत स्प्रिंग आहे!" ते दारातूनच म्हणाले. "हे आपले साधे कीबोर्ड पाह्य, खाली सगळ्यांची मिळून एकच रबराची चादर. त्याच्यात प्रत्येक बटणाचं आपलं येगळं यंत्र. स्विच म्हणते त्याले. उपसून काढा, दुसरं लावा. सुटे भाग घेऊन घरी बनवते लोकं!" वीस वर्षांनी शाळेतला मित्र भेटावा तसा चेहरा झाला होता त्यांचा.

मग सुटे भाग निवडणं सुरू झालं, म्हणजे माझ्या मोबाइलवर. केस, म्हणजे बाहेरची पेटी, निवडायला दोन मिनिटं लागली. सर्वांत जड ॲल्युमिनियमची. "मशीन जाग्यावरून हलली नाई पाह्यजे." बटणांच्या टोप्या निवडायला एकच मिनिट. कोऱ्या. मी म्हटलं, सर, अक्षरांशिवाय? त्यांनी खांद्यावरच्या पंचाकडे बोट दाखवलं. पण स्विचवर गाडी अडली. ते रंगावरून ओळखले जात होते, लाल, निळे, तपकिरी, आणि सरांना ते अजिबात पटेना. "रंगावरून घ्याले हे काय लुगडं आहे? मी आईकल्याशिवाय घेत नाई."

म्हणून आधी नमुन्याची पट्टी मागवली. तळहाताएवढी, नऊ तऱ्हेचे नऊ स्विच बसवलेली. ती आठ दिवस सरांच्या खिशात होती. चालताना, भाजी घेताना, जेवताना टकटक चालू. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे डोळे मिटून शांत बसले होते. त्या शांततेत 'टिक' झालं. मग 'टक'. मग पुन्हा 'टिक'. काकूंनी डोळे न उघडता डावा हात लांब केला, सरांच्या खिशातून पट्टी काढली आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली. वंदनेनंतर सर माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "सातव्या नंबरचा."

सातव्या नंबरचा स्विच निळा होता, जड आणि खणखणीत वाजणारा. हुबेहूब टाइपरायटर. सरांनी क्लासच्या टेबलावर मेणकापड पसरून कीबोर्ड जोडला. लांब स्पेसचं बटण खडखडत होतं, तर त्याच्याखाली जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून लावली आणि खडखड बंद. नंतर कोणीतरी सांगितलं की हा उपाय जगभरात करतात. सर म्हणाले, "करू दे."

मी बसले. आवाज असा सुंदर, की पहिली दोन मिनिटं मी खुश होते. चौथ्या मिनिटाला अनामिका थकली. मात्रा गळायला लागल्या. सर डोळे मिटून म्हणत होते, "मार सारखी ठेव. सारखी ठेव, संगीता." दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. चौथ्या दिवशी त्यांनी "अनामिका झोपली" म्हटलं आणि माझा तोल गेला.

"झोपली नाही सर, मेलीय ती! मारून मारून काही उठणार नाही. तुमची बोटं चांगली आहेत म्हणून तुम्हाला ही मशीन चांगली वाटते!"

एवढं बोलून मी रडायला लागले. चाळिशीच्या बाईने क्लासमध्ये असं रडणं बरं दिसत नाही, पण रडले. सरांनी डोळे उघडले. कीबोर्डावर पंचा टाकला आणि म्हणाले, "आज घरी जाय."

दुसऱ्या दिवशी मी जायचंच नाही असं ठरवूनही गेले. टेबलावर निळे स्विच ढिगाने पडले होते आणि सर खुर्चीत नव्हते, माझ्या जागेवर बसले होते.

"बस," ते म्हणाले. "मी माह्या बोटानं निवडलं. बोट तुहं आहे. चूक माही झाली."

मग ते जे बोलले ते मला वाटतं त्यांनी आधी कोणालाच सांगितलं नसावं. फार पूर्वी एक मुलगा क्लासला होता. उजव्या करंगळीचं टोक नव्हतं. हुशार, वेळेवर येणारा. सरांनी त्याला वर्षभर मार सारखी ठेवायला लावलं आणि मग एक दिवस सांगितलं, टायपिंग तुझ्या नशिबात नाही, उगाच येत जाऊ नको. "तो जिना उतरून गेला. त्याच्या पायाचा आवाज अजून येते मले," सर म्हणाले. "मशीनमधली स्प्रिंग मले ढिली करता येत होती, संगीता. एका बटणाची बी करता येत होती. मले सुचलंच नाई. नियम होता ना."

मी नाव विचारलं. प्रमोद, म्हणाले, वडनेरचा.

वडनेर माझं माहेर. मी म्हटलं, "प्रमोदभाऊ? ते तर बसस्टॉपजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देतात सर. सगळा गाव त्यांच्याकडे जातो. चार बोटांनी टाइप करतात, म्हणून जरा वेळ लागतो एवढंच."

सरांनी आपल्या उजव्या करंगळीकडे बघितलं. मग त्यांनी नमुन्याची पट्टी माझ्यापुढे सरकवली. "तुले कोणता बरा वाटते?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुठल्याही विद्यार्थ्याला विचारला नसावा. मी नऊही दाबून बघितले. मला तिसरा आवडला, न खणखणणारा, खाली जाताना थोडं अडखळून कळवणारा. सरांना तो नक्कीच मिळमिळीत वाटला असणार. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

पुढचे दहा दिवस क्लास नव्हता, कारखाना होता. चार वेगवेगळ्या जोराच्या स्प्रिंगा मागवल्या. कोणती किती जड, हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण छापलेल्यावर सरांचा विश्वास नाही. ते बटणावर चहाचा कागदी कप ठेवत, दोन बोटांनी सांभाळत आणि त्यात चमच्याने तुरीची डाळ टाकत. बटण कितव्या चमच्याला खाली जातं ते बघायचं. काकू दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "डाळ परत डब्यात टाकजा. तेलाचे हात नका लावू." मग माझं बोट. प्रत्येक बोटाने प्रत्येक स्प्रिंग दाबायची आणि सर डोळे मिटून ऐकणार. चिमट्याने स्विच उघडून आतली इवलीशी स्प्रिंग बदलायची, तेलाचा थेंब लावायचा, पुन्हा मिटायचं. अनामिकेच्या तीन बटणांखाली सर्वांत हलकी, दोन चमच्यांची. शेजारच्या करंगळीला तीन. तर्जनीला पाच. दहा बोटांकडून सारखी मार मागणारा माणूस एकेका बोटाचे लाड करत होता, आणि मला वाटतं त्यांना ते आवडायला लागलं होतं. "हे बी चांगलंच आहे," असं एकदा स्वतःशीच म्हणाले.

बाराव्या दिवशी मी सात मिनिटं, म्हणजे परीक्षेएवढा वेळ, न थांबता टाइप केलं. सर डोळे मिटून बसले होते. संपल्यावर उघडून म्हणाले, "चहा घे."

परीक्षेच्या दिवशी ते वर्ध्यापर्यंत माझ्यासोबत आले. कीबोर्ड पंचात गुंडाळून बसमध्ये त्यांच्या मांडीवर. मी म्हटलं माझ्याकडे द्या. म्हणाले, "तू हात मोकळे ठेव."

केंद्रावर पर्यवेक्षकांनी पंचा उघडला आणि दुसऱ्या पर्यवेक्षकांना हाक मारली. दोघं वाकून बघू लागले. "बाई, याच्यावर अक्षरंच नाहीत!" मी पर्स उघडली. सरांनी सूचनापत्राचं चौथं पान त्या ओळीखाली रेघ मारून, प्लास्टिकमध्ये घालून दिलं होतं. पर्यवेक्षकांनी वाचलं, एकमेकांकडे पाहिलं. "अक्षरं असावीत असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हटलं. हेही सरांनी शिकवलं होतं. शेवटी एक जण हसले आणि म्हणाले, "बसा. आम्हालाही बघू द्या."

मला त्या सात मिनिटांतलं काहीच आठवत नाही. एवढंच आठवतं, की अनामिका होती. इतर बोटांसोबत होती.

बाहेर आले तर सर खिडकीखालच्या कडुलिंबाच्या ओट्यावर डोळे मिटून बसलेले. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलंच नाही. "तुहा आवाज येऊन राह्यला होता मले," म्हणाले. "बाकीचे सगळे रबराचे. तुहा येगळा. जागी होती, अगदी शेवटपर्यंत."

मी तिथेच ओट्यावर बसले. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला, असं वाटलं. निकाल महिनाभराने लागला, पास. कचेरीत पेढे वाटले, मुलींना घेऊन हॉटेलात जेवले, सगळं केलं. पण माझा निकाल त्या लिंबाखालीच लागला होता, आणि तो सांगणाऱ्याचे डोळे मिटलेले होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी सरांनी क्लास बंद केला. मुलगी नागपूरला बोलावत होती, काकूंचे गुडघे दुखत होते. जायच्या आठवड्यात मी भेटायला जाणार होते, पण त्याआधीच ते मला बसस्टँडवर दिसले. मी कचेरीतून घरी चालले होते. वडनेरची बस लागली होती आणि खिडकीशी सर बसले होते. खिशात ब्रश. मांडीवर पंचात गुंडाळलेलं काहीतरी, आकारावरून मी लगेच ओळखलं.

मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. "सर, कोणासाठी?" हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

त्यांनी पंचाची एक बाजू उचलून दाखवली. कोरी बटणं. "उजव्या करंगळीले दीड चमचा, आणखी हलकी मागवली," म्हणाले. "अंदाजानं लावली. त्याचं बोट मी कुठे पाह्यलं आता? बसून बदलून देईन. स्प्रिंगा घेतल्या आहेत सोबत."

कंडक्टर आतून म्हणाला, "काका, सामान वर ठेवा ना, जागा आहे."

"राहू दे," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघत होते. "संगीता, त्यानं मले आत नाई घेतलं तं?"

"सर, ते दुकान आहे," मी म्हटलं. "दार दिवसभर उघडंच असतं."

त्यांनी मान हलवली. ड्रायव्हरने बस सुरू केली. बस वळली तेव्हा सरांनी डोळे मिटले होते आणि दोन्ही हात पंचावर ठेवून मांडीवरचं ते ओझं घट्ट धरलं होतं.